आबा आणि माशांचा फिल्टर

मला बघायला आले तेव्हा आबांनी मला एक शब्द विचारला नाही. मुलीला स्वयंपाक येतो का, शिक्षण किती, काही नाही. पोह्यांची बशी खाली ठेवून ते उठले, आमच्या पंचवटीच्या घरातल्या फ्रिजपाशी गेले, शर्टाच्या खिशातून पेचकस काढला, त्याचं टोक फ्रिजच्या पाठीला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटून घेतले. आमच्याकडचे सगळे बघतच राहिले. माझा धाकटा भाऊ राजू तोंडातला घास चावायचा विसरला. जरा वेळाने आबांनी डोळे उघडले आणि माझ्या वडिलांना खणखणीत आवाजात सांगितलं, "कॉम्प्रेसर शिट्टी मारतोय. महिनाभर बी टिकायचा नाय."

वडिलांना वाटलं, गेलं स्थळ. स्थळ काही गेलं नाही, आणि फ्रिजही गेला नाही. माझं लग्न झालं, राजूचं झालं, तरी तो फ्रिज आपला मुकाट चालू होता. मी सासरी आल्यावर आबांना त्यावरून चिडवायचे. "काय आबा, आमच्या फ्रिजचे दिवस भरले होते ना?" ते मिशीतही हसायचे नाहीत. म्हणायचे, "सूनबाई, मशिन खोटं बोलत नाय. तुमच्या कानाला उमजत नसंल."

हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आबा मूळचे सिन्नरकडचे. तरुणपणी सातपूरच्या एका कंपनीत लागले आणि पॉवर प्रेसवर उभे राहिले ते निवृत्त होईपर्यंत. वरून घण यावा तसं मशीन खाली येणार, पत्र्याचा तुकडा कापणार, परत वर जाणार. धाडधाड, धाडधाड, दिवसभर. अशी मशीनं एका शेडमध्ये ओळीने. त्यामुळे आबा बोलायचे ते शेडच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाईल असं. मीठ मागितलं तरी शेजारच्या काकू दार उघडून विचारायच्या, "मंगल, काही झालं का गं?" आमच्या घरात कुजबुज हा प्रकारच नव्हता. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. त्या म्हणे आयुष्यभर खुणेनेच बोलल्या. बरोबरच आहे, कोण घसा फोडत बसेल!

विलास, म्हणजे आमचे हे, आबांच्याच कंपनीत चिकटले. लिहिताना नाव घेते आहे. समोर अजून अहोच म्हणते. तर कंपनी कामगारांना कानात घालायला बोळे द्यायची. नारिंगी रंगाचे, स्पंजसारखे मऊ, दाबून कानात सरकवायचे. आबांना मिळालेले सगळे बोळे पाकिटासकट तुपाच्या एका रिकाम्या डब्यात पडून होते. मी नवी नवरी, डबा रिकामा करायला घेतला आणि विचारलं, हे काय हो? आबा म्हणाले, "ते बायकी काम हाय. कानात बोळे घालून मशिन चालवायचं म्हंजे तोंडाला फडकं बांधून भाजी चाखायची. डाय, म्हंजे खालचा साचा, बसली का नाय, नट सैल हाय का, समदं आवाजावर कळतं. कान झाकला की बोट गेलंच म्हणून समज."

आणि खरंच, आबांची दहाही बोटं शाबूत होती. त्यांच्या वयाच्या प्रेसवाल्यांत हे भाग्य मोजक्यांचं. ते हात पुढे करून दाखवायचे, अगदी राजासारखे. मग बोलणार काय आपण? मी पण तेव्हा कौतुकानेच बघितलं. आज त्या डब्याची आठवण झाली की डोकं फिरतं.

आता टाकीचं सांगते. राजूला लहानपणापासून मासे पाळायचा नाद. माहेरी आमच्या खिडकीत त्याची काचेची टाकी असायची आणि तिची निम्मी उस्तवार मीच करायचे. पाणी बदलणं, शेवाळ खरवडणं, सगळं. दोन हजार सालानंतर कधीतरी, आबा निवृत्त होऊन घरी बसले होते तेव्हा, राजूने भाऊबीजेला रिक्षातून टाकी आणली. वाळू, दगड, दिवा, हवेचा पंप, फिल्टर, आणि माहेरच्या टाकीतले दोन गोल्डफिश, ज्यांना मी स्वतः हाताने खायला घालून मोठं केलं होतं. म्हणाला, "ताई, दरवर्षी साडी देतो आणि दरवर्षी तू म्हणतेस रंग चांगला आहे. तोंडावरून कळतं गं. या वेळी ही घे ओवाळणी." मी ओवाळता ओवाळता रडले. सासरी येऊन इतकी वर्षं झाली होती, पण घरात माझं म्हणावं असं तोवर काही नव्हतं. भांडी सासूबाईंची, कपाट आबांचं, कॅलेंडर कंपनीचं. ही टाकी माझी होती.

पण पंप होता हलका. एवढासा प्लॅस्टिकचा डबा, त्यातून नळीने हवा फिल्टरमध्ये जायची आणि पाण्यात बुडबुडे सुटायचे. तो लाकडी स्टँडवर ठेवला की स्टँडसकट गुरगुरायचा. घर्रर्र, घर्रर्र. व्होल्टेज वाढलं की जोरात, कमी झालं की हळू. आम्ही सगळं मिळून त्याला फिल्टरच म्हणायचो.

पहिल्याच दिवशी आबांनी पेचकस लावून निदान केलं. "आतली रबराची पडदी सैल हाय. दळभद्री मशिन. असलं मशिन आमच्या शेडमधी एक दिवस ठेवलं नसतं." मी पडदी बदलून आणली. "आता स्टँड बोलतोय." मी पंपाखाली गोधडीचा तुकडा घातला. "आता भिंत बोलतीय." मी स्टँड भिंतीपासून हातभर पुढे ओढला. खिळा ठोकून पंप सुतळीला टांगून ठेवला, तर तो घड्याळाच्या लंबकासारखा झुलायला लागला आणि आबा ओरडले, "फाशी काय देती त्याला!" घरात तिघं माणसं, दोन मासे, आणि दिवसभर बोलणं एकच, फिल्टर. विलास कंपनीतून आला की आबा दारातच सुरू व्हायचे आणि विलास मला म्हणायचा, "बघ ना गं काहीतरी." मी काय बघू? मी मेकॅनिक आहे का? तुमच्या घरात दोन दोन मशीनवाले, आणि बघायचं मी!

एक दिवस संतापाच्या भरात मला तो तुपाचा डबा आठवला. मी चार बोळे काढले, एकेक पंपाच्या चारी कोपऱ्यांखाली ठेवला आणि बटण दाबलं. काय सांगू! आवाज गेला. गेला म्हणजे गेलाच. बुडबुड्यांची बारीक बुडबुड तेवढी राहिली, तीही कान लावला तरच. शेजारच्या काकूंना बोलावून ऐकवलं, म्हणजे न ऐकवलं. त्या म्हणाल्या, "बंद पडलाय का?" मी खूश. मनात म्हटलं, आबांनी आयुष्यभर कानात घातले नाहीत ते बोळे शेवटी त्यांच्याच कानांच्या कामी आले.

आबा खाटेवर बसून होते. मी विचारलं, "काय आबा, आता?"

त्यांनी मान तिरकी केली. कपाळाला आठ्या पडल्या. "उलट वाढलाय," म्हणाले. "आदी घरघर होती. आता शिट्टी मारतोय."

तिथून माझं खरं डोकं फिरलं. कारण हा माणूस दाराची बेल ऐकत नसे. आमच्या बेलला चिमणीचा आवाज होता. दूधवाला चिवचिव करून करून पिशवी कडीला अडकवून निघून जायचा आणि आबा दारापासून चार पावलांवर पेपर वाचत बसलेले. मी स्वयंपाकघरातून जेवायला हाका मारून घसा बसवून घ्यायचे, उत्तर नाही. टीव्हीवरच्या बातम्या आमच्याकडे लावल्या की खालच्या मजल्याने स्वतःचा टीव्ही लावायची गरज नव्हती. आणि या माणसाला, जो आवाज मला येत नाही, विलासला येत नाही, काकूंना येत नाही, तो मात्र बरोब्बर ऐकू येतो! मला सांगा, कुणाला राग येणार नाही? मला वाटलं, यांना माझी टाकीच खुपते आहे. सुनेच्या माहेरची वस्तू बैठकीच्या खोलीत, येणारा-जाणारा तिचं कौतुक करतो, आणि यांच्या पेचकसाकडे कुणी बघत नाही.

विलासला सांगितलं तर तो पेपरमध्ये तोंड घालून म्हणाला, "म्हातारं माणूस आहे, सोडून दे." सोडून दे म्हणजे काय? दिवसभर घरात त्यांच्याबरोबर तो असतो की मी?

एक मात्र होतं. तेव्हा आमच्याकडे लोडशेडिंग सुरू झालं होतं. दुपारी लाइट गेली की पंप बंद. मी वाटीने टाकीतलं पाणी उपसून वरून सोडत बसायचे, माशांना हवा मिळावी म्हणून. मला वाटायचं, आता तरी आबा सुखाने आडवे होतील. पण लाइट गेली रे गेली की ते चपला घालून खाली कट्ट्यावर जाऊन बसायचे, भर उन्हाच्या वेळी. "घरात उकडतं," म्हणायचे. लाइट आली की परत वर, आणि परत फिल्टरच्या नावाने शंख.

खंडेनवमीला स्फोट झाला. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं आणि मशीनं पुजायची पद्धत. आबा पाटावर लाल फडकं अंथरून पेचकस, पक्कड, पाने, हातोडी ओळीने मांडायचे, माझा मिक्सर आणि सासूबाईंचं शिवणयंत्रही झाडूनपुसून पूजेला घ्यायचे, प्रत्येकाला हळदकुंकू आणि झेंडूचं एक फूल. मी बाहेर जाऊन पंपावरही एक फूल ठेवून आले. तेही मशीनच की. आबांनी बघितलं, उठले, ते फूल उचललं आणि खिडकीतून खाली टाकून दिलं.

"खोटं मशिन पूजायचं नसतं," म्हणाले.

मी हातातलं ताट खाली आपटलं. "आबा, पुरे झालं तुमचं! बेल ऐकू येत नाही, माझी हाक ऐकू येत नाही, आणि जो आवाज नाहीच तो तेवढा ऐकू येतो? नाटक आहे सगळं! माझ्या भावाने दिलेली टाकी तुम्हाला बघवत नाही, सरळ सांगा ना तसं!"

"मी नाटक करतो?" आबांचा चेहरा लालबुंद झाला. "आख्ख्या शेडमधी माझ्या कानावर मशिन लावायचे. इंजिनेर विचारायला यायचे मला. आन् तू मला शिकवती? विलास, ऐकतोय का? एक तर ते घरात राहील, नाय तर मी. मी चाललो सिन्नरला." आणि खरोखर खाटेखालची पिशवी ओढून त्यात धोतर कोंबायला लागले. विलास मधेच उभा. एकदा बापाकडे बघे, एकदा माझ्याकडे. त्याच्या डोळ्यांत उत्तर दिसत होतं, फक्त तोंडाने बोलायची हिंमत नव्हती.

मी म्हटलं, कुणी जायला नको. त्याच दुपारी निम्मं पाणी उपसलं, मासे प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, रिक्षा बोलावली आणि टाकी, स्टँड, दिवा, पंप, झाडून सगळं द्वारका चौकाजवळच्या माशांच्या दुकानात नेऊन टाकलं. दुकानदार म्हणाला, मासे पण ठेवू? मी मान हलवली आणि पिशवीकडे वळून बघितलं नाही. राजूला फोन केला. तो एवढंच म्हणाला, "बरं." माझा राजू, जो फोनवर तासभर बोलायचा थांबत नाही, तो फक्त "बरं" म्हणाला.

घरात शांतता झाली. मला वाटलं होतं, आबा आता विजयी वीरासारखे बसतील. पण ते गप्प झाले. ओरडणं बंद, जेवताना मीठ मागणं बंद. एकदा मी भाजी घेऊन परत आले तर आबा टाकीच्या रिकाम्या कोपऱ्यात उकिडवे बसलेले, पेचकसाचं टोक भिंतीला, मूठ कानामागे. मला बघून दचकले. "उंदीर हाय वाटतं भिंतीत," म्हणाले. दुसऱ्या दिवशी फ्रिजला पेचकस. मग लाइटच्या मीटरला. मग नळाला. घरातली एकेक वस्तू ते तपासत होते आणि प्रत्येकीपासून उठताना त्यांचा चेहरा आणखी उतरत होता. मी विचारलं नाही. माझा अबोला होता.

भाऊबीज आली. राजू आला. मी पाट मांडला, ओवाळलं. त्याने खाली बघत पिशवीतून साडी काढून तबकात ठेवली. "रंग चांगला आहे," मी म्हटलं. तोही हसला नाही, मीही नाही. फराळाची ताटली तशीच ठेवून तो लवकर निघाला, आणि दारात माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, ओवाळणी परत घ्यायची नसते, द्यायचीही नसते गं." आबा खाटेवरून हे सगळं बघत होते. त्यातलं किती ऐकू आलं असेल कोण जाणे, पण साडी आणि राजूचं तोंड त्यांना दिसलं.

राजू गेल्यावर मी तबक उचलत होते. आबा एकदम म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं, "सूनबाई. ते अजून चालू हाय."

"काय चालू आहे?"

"शिट्टी." त्यांनी बोट वर केलं, कानापाशी नेलं, आणि मग हात तसाच मांडीवर पडू दिला. "समदं घर बघितलं मी. मीटर बघितला. नळ बघितला. काल राती रस्ता गप झाल्यावर खाली कट्ट्यावर गेलो, तिथं बी हाय. टाकीचं काय चुकलं नव्हतं. ते माझ्यातच हाय."

आता कुणी म्हणेल, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं असेल. अजिबात नाही. मला संताप आला. "किती दिवस?" मी विचारलं.

"लय झालं. आदी बारीक होती. मी आपला मनाला सांगायचो, मशिनचीच हाय. घरघर होती तवा तिच्यात बुडून जायची. तू बोळे लावले आन् घरघर गेली, मग शिट्टी उघडी पडली. लाइट गेली की तर सहन होत नाय. म्हणून खाली जाऊन बसायचो, रस्त्यावर गाड्या असत्यात, बरं वाटतं."

माझ्या डोक्यात एकदम काहीतरी लख्ख झालं. "आबा, आमच्या घरचा फ्रिज?"

त्यांनी बोटाने कान चोळला. "तवापासून बी असंल," म्हणाले.

म्हणजे लग्नाआधीपासून! इतकी वर्षं हा माणूस स्वतःच्या कानातली शिट्टी ऐकत होता आणि ती लोकांच्या फ्रिजवर, मिक्सरवर, पंख्यांवर ढकलत होता! मी ओरडले. भाऊबीजेच्या दिवशी, दिवा तसाच तेवत असताना, सासऱ्यांवर ओरडले. "मशीन खोटं बोलत नाही म्हणता ना? नव्हतंच बोलत! तुम्ही बोलत होतात! डबाभर बोळे दिले होते कंपनीने, आणि तुम्ही ते तुपाच्या डब्यात ठेवलेत. बायकी काम! कान घालवून बसलात, हे काय मर्दाचं काम झालं का?"

आबा ऐकून घेत होते. मला वाटतं, त्यांना ऐकू येत होतं. मी ओरडत होते ना, म्हणून.

कानाच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. विलास म्हणाला सुट्टी मिळत नाही. डॉक्टरांनी यंत्र लावून तपासलं आणि मला समजावून सांगितलं, बारीक आवाज पार गेलेत, जाडे अजून आहेत. म्हणून बेलची चिमणी येत नाही, आणि पंपाची घरघर येते. माझ्या "नाटक आहे" याला हे असं उत्तर मिळालं. शिट्टीवर औषध नाही, पण खोलीत काहीतरी हलका आवाज चालू ठेवा, म्हणाले, पंखा म्हणा, रेडिओ म्हणा. बाहेर पडल्यावर आबा रस्त्यातच थांबले. "पंखा नको," म्हणाले. "द्वारकेला चल."

टाकी दुकानात कोपऱ्यात पडून होती. माझे गोल्डफिश विकले गेले होते. कुणी नेले, दुकानदाराला आठवत नव्हतं. त्याचा राग मला अजून आहे आणि तो राहणार. माहेरचे दोन जीव होते ते, आणि गेले ते एका माणसाच्या तोऱ्यापायी. आबांनी स्वतः दोन नवे मासे निवडले. दुकानदाराने न गुरगुरणारा नवा पंप दाखवला. आबांनी त्याला पेचकस लावला, मान हलवली आणि म्हणाले, "हा नको. मुका हाय. तो जुनाच दे, दळभद्री." घरी आल्यावर मी सवयीने पंपाखाली बोळे ठेवायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. "ते काढ. बोलू दे त्याला."

त्यानंतर आमच्या घरात फिल्टर गुरगुरतच राहिला. आबांची खाट टाकीला लागून सरकवली. दर खंडेनवमीला ते पंप पुसून पाटावर घेऊ लागले, तेवढा वेळही बंद करायचा नाही म्हणून वायर लांब करून घेतलेली. पूजा चालू आणि देव गुरगुरतोय! येणारा पाहुणा म्हणायचा, हा कसला आवाज, बंद करा की. आबांना ते ऐकू यायचं नाही, मीच फटकन उत्तर द्यायचे. पुढे जाडे आवाजही जायला लागले. मग ते पंपावर नुसता तळहात ठेवून बसायचे आणि मला विचारायचे, "चालू हाय ना?" मी मान हलवायचे. राजूला त्यांनी एकदा स्वतःहून बोलावून घेतलं, टाकीपुढे बसवलं आणि सांगितलं, "तुझी ओवाळणी मीच वापरतोय बाबा. राग मानू नको." राजू हसला. त्या वर्षीच्या भाऊबीजेला त्याने परत साडी आणली, आणि तिचा रंग खरंच चांगला होता.

आबा गेले ते साधेच, दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. हात पंपावर होता. भेटायला त्यांच्या शेडमधले जुने मित्र आले. बैठकीत ओळीने बसले. एकजण म्हणाला, "वाईट झालं." शेजारचा कानामागे हात नेऊन ओरडला, "काय?" "वाईट झालं म्हणतो!" "कोण आलं?" तिसऱ्याने चौथ्याला मोठ्यांदा सांगितलं, आणि चौथा उगाच मान हलवत राहिला. आतून बायका पदर तोंडाला लावून हसू दाबत होत्या. मला हसू आलं नाही. दहा बोटं मोजून दाखवणारी ही माणसं, एकाचाही कान धड नाही, आणि एकही जण दुसऱ्याला सांगायला तयार नाही की मलाही शिट्टी ऐकू येते. चहाचे कप देताना मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते आणि मला त्या प्रत्येकाचा राग येत होता.

दिवसकार्य आटोपल्यावर विलासचे कंपनीचे कपडे धुवायला काढले. पँटच्या खिशात हात घातला, नळाखाली धरण्याआधी. नारिंगी बोळे. पाकीटही फोडलेलं नव्हतं.

मी बाहेर गेले. विलास टाकीपाशी आबांच्या खाटेवर बसला होता. पाकीट त्याच्यापुढे धरलं. तो ओशाळून म्हणाला, "अगं, मशीनचा आवाज कळावा लागतो."

शेजारच्या काकू दार उघडून धावत आल्या, एवढंच सांगते. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बापाला अग्नी देऊन आला होतास आणि परत तेच, त्याचंच कारण! अहोजाहो पार विसरले मी त्या दिवशी.

आता तो बोळे घालतो. घालतो असं तो सांगतो. मी शेडमध्ये जाऊन बघणार नाही, आणि त्याच्या शब्दावर तर मुळीच विश्वास ठेवणार नाही, कारण त्या घराण्याचं मी ऐकून चुकले आहे. म्हणून रोज संध्याकाळी तो चहा घेऊन टाकीपाशी बसला की मी पंखा बंद करते, टीव्ही बंद करते, आणि शेवटी फिल्टरचं बटण दाबते. घर एकदम गप्प होतं. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. मी विलासच्या समोर उभी राहते.

"काय ऐकू येतं?"

"काही नाही."

"अहो, खोटं बोलू नका."

"खरंच गं, काही नाही."

मी त्याच्या तोंडाकडे नीट बघून घेते. मग बटण चालू करते.